टॉवर, वेल्डिंग आणि शेक : कोणत्या किरणाला किती भ्यायचे?



दर खेपेस या पानावर बेणे, खोडवा, खतमात्रा नाहीतर हुमणी असते. या वेळी जरा आडवाटेला जातो आहे. कारण असे की, गेल्या हंगामात एकाच आठवड्यात दोन गोष्टी माझ्यापुढे आल्या आणि दोन्हींत शब्द एकच होता – रेडिएशन.

पहिली गोष्ट गट कार्यालयातली. दहा-बारा सभासद अर्ज घेऊन आले. गावालगत एकाच्या रानात मोबाईलचा टॉवर उभा राहिलेला, आणि शेजारच्या आडसाली उसाला तुरा आलेला. "साहेब, टॉवरच्या रेडिएशननं तुरा आला. पंचनामा करा आन् भरपाई मागा," असे त्यांचे म्हणणे.

दुसरी गोष्ट त्यानंतर तीन दिवसांनी घडली. एक सभासद तोडणीची चिठ्ठी लवकर मिळावी म्हणून आला. आईला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला होता. डॉक्टरांनी पाच आठवडे शेक घ्यायला सांगितलेले. मला वाटले, खर्चाला पैसे हवेत. पण चहा घेता घेता उलगडा झाला तो वेगळाच. शेक द्यायचाच नाही असे भावकीत ठरले होते. शेकाचे किरण अंगात राहतात, बाई आतून जळते, घरातल्या लेकराबाळांना बाधते, असे कुणीतरी मनात भरवलेले. ऊस लवकर तोडून जे पैसे येतील त्यात आईला लांबच्या एका झाडपाला देणाऱ्याकडे न्यायचे होते.

मी कृषी पदविकेचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण त्या दिवशी मला वाटले की, आपल्या शेतकी विभागाने खताच्या गोणीइतकीच या शब्दाचीही माहिती द्यायला हवी. अर्धवट भीतीपायी माणूस दगावू शकतो. म्हणून हा लेख.

आता मुळापासून सुरुवात करू. विहिरीत खडा टाकला की पाण्यावर लाटा उठतात. दोन लाटांच्या माथ्यांतले अंतर म्हणजे त्या लाटेची लांबी. तशाच वीज आणि चुंबकत्व यांच्या लाटा असतात. त्यांना पाणी लागत नाही, हवा लागत नाही. पोकळीतूनही त्या धावतात आणि धावण्याचा वेग सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर. सूर्य आपल्यापासून साधारण १५ कोटी किलोमीटर दूर आहे, तरी त्याचा उजेड सव्वाआठ मिनिटांत आपल्या बांधावर येतो. उजेड हीदेखील हीच लाट. रेडिओची लहर, चुलीची धग, उन्हाचा चटका, दवाखान्यातला एक्स-रे, कोबाल्टचे गॅमा किरण ही सगळी एकाच कुळातली भावंडे आहेत. फरक आहे तो लाटेच्या लांबीचा.

सर्वांत लांब लाटा रेडिओच्या. आपल्या पिढीच्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, परभणी आकाशवाणी मध्यमलहरींवर १३०५ किलोहर्ट्झला लागायची. त्या लहरीची लांबी जवळजवळ २३० मीटर. म्हणजे एका लाटेत अडीच एकरांच्या चौकोनी रानाची लांबी दोनदा बसेल. मोबाईलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३३ सेंटिमीटर, जेमतेम एक वीत न् चार बोटे. त्याहून आखूड त्या सूक्ष्मलहरी. त्यानंतर अवरक्त किरण, म्हणजे धग. मग तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा दिसणारा उजेड. याची लांबी ७०० ते ४०० नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. जांभळ्याच्या पलीकडे अतिनील, त्यापुढे क्ष-किरण, आणि टोकाला गॅमा.

तांबड्याच्या अलीकडेही काही आहे हे कसे कळले, ती हकीकत सांगण्यासारखी आहे. १८०० साली विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने लोलकातून उन्हाचे रंग वेगळे पाडले आणि प्रत्येक रंगात तापमापी ठेवून पाहिली. तांबड्या पट्ट्याच्या बाहेर, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सगळ्यांत जास्त चढला. न दिसणारा किरण असा तापमापीने पकडला. क्ष-किरण तर चुकून हाती लागले. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत रोंटगेन यांना ते दिसून आले, आणि काही आठवड्यांतच त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताची हाडे अंगठीसकट फोटोत उतरवली. पुढे त्या सुरुवातीच्या काळात किरणांशी बेफिकिरीने खेळणाऱ्या कित्येक डॉक्टरांची बोटे झडली, कित्येक कॅन्सरने गेले. तेव्हा धोका माहीतच नव्हता. आज माहीत आहे.

आता महत्त्वाचा मुद्दा. धोका कशावर ठरतो? हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर उभे राहून गोफण फिरवली आहे ना? कुणी अंगावर पाटीभर भुसा फेकला तर अंग खाजेल, घाम येईल, पण डोके फुटणार नाही. दिवसभर फेकला तरी फुटणार नाही. गोफणीचा एकच गुंडा मात्र डोके फोडतो. किरणांची शक्ती अशीच सुट्या-सुट्या दाण्यांनी येते. लाट लांब असेल तर दाणा हलका, भुशासारखा. लाट आखूड असेल तर दाणा जड, गोफणगुंड्यासारखा. रेडिओ, मोबाईल, धग, दिसणारा उजेड हे भुशाच्या बाजूचे; फार झाले तर तापवतील, भाजतील. अतिनीलपासून पुढे दाणा इतका जड होतो की तो शरीरातल्या पेशीच्या आतल्या बीजद्रव्याला इजा करू शकतो. क्ष-किरण आणि गॅमा तर अणूतले कण उडवतात. तिथे 'थोडे' आणि 'फार' यांचा हिशेब ठेवावा लागतो.

एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सगळे सोपे आहे.

आधी आपल्या कामाचे बघू, कारण हे किरण आपण रोज वापरतो आणि नाव घेत नाही. ऊस हाच मुळात उजेडाचा कारखाना. पान तांबडा आणि निळा उजेड खाते, हिरवा बराचसा परत फेकते, म्हणून ते हिरवे दिसते. अवरक्त तर ते फार मोठ्या प्रमाणावर परतवते. ही गोष्ट उपग्रहाच्या उपयोगाची ठरली. निरोगी पान तांबडा उजेड शोषते आणि अवरक्त फेकते. पाण्याचा ताण पडला, रोग आला की हे प्रमाण बिघडते. डोळ्याला पिवळेपणा दिसायच्या आधीच कधी कधी उपग्रहाला तो फरक दिसतो. भारताचा आयआरएस-१ए हा दूरसंवेदन उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी सोडला गेला. आता युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे १० मीटर बाय १० मीटरच्या तुकड्यापर्यंत बारकावा दाखवतात. साखर कारखान्यांची देशपातळीवरची संघटना 'इस्मा' उसाच्या क्षेत्राचा अंदाज उपग्रहाच्या चित्रांवरून काढते. आभाळ भरून आले की मात्र हा उजेडाचा डोळा बंद. तिथे रडारच्या साडेपाच सेंटिमीटरच्या लहरी कामाला येतात. त्या ढगातून आरपार जातात. (तरी चिटबॉय रानात जाऊन सरी मोजतो ती मोजतोच. उपग्रहाला बांधावरचा वाद कळत नाही.)

तोडणीपूर्वी आमचा माणूस तुमच्या उसात येतो आणि खिशातून एक नळी काढतो. तो हातातला रिफ्रॅक्टोमीटर. रसाचा थेंब काचेवर टाकला की त्यातून जाणारा उजेड वाकतो. रस जेवढा दाट तेवढा जास्त वाकतो. किती वाकला त्यावरून ब्रिक्स कळते. वरच्या आणि खालच्या कांड्यांचे ब्रिक्स जवळजवळ सारखे आले की ऊस पक्व झाला असे समजावे. नळी आभाळाच्या उजेडाकडे धरावी, सूर्याकडे कधीच नाही. गेल्या साली एका शिकाऊ पोराने सूर्याकडे धरली होती. मी हात धरून खाली ओढला.

पण ब्रिक्स म्हणजे साखर नव्हे. त्यात विरघळलेले सगळेच येते. खरी साखर मोजायला प्रयोगशाळेत पोलरिमीटर आहे. त्याचे काम समजून घ्या, कारण तुमच्या बिलाशी ते जोडलेले आहे. कुंपणाच्या उभ्या फटीतून दोर घालून हलवला तर फक्त वरखाली होणारी लाट पलीकडे जाते, आडवी अडते. तशीच एका काचेतून उजेडाची एकाच दिशेने डोलणारी लाट गाळून घेतात आणि ती रसातून सोडतात. उसाची साखर त्या लाटेची दिशा उजवीकडे फिरवते. किती फिरली त्यावरून साखर किती ते कळते. याला आपण 'पोल' म्हणतो.

आणि इथेच शिळ्या उसाचे पितळ उघडे पडते. तोडलेला ऊस फडात नाहीतर गाडीत पडून राहिला की त्यातली साखर फुटून दुसऱ्या दोन साखरा होतात. त्या दोघी मिळून उजेडाला डावीकडे फिरवतात. म्हणजे वजनकाट्यावर जे टन दिसतात त्यांतली साखर पोलरिमीटरला दिसतच नाही. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली, आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. टनाला हे ३४ रुपये ६० पैसे झाले. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीवर आणा असे आम्ही घसा कोरडा करून सांगतो ते एवढ्यासाठी. उतारा साऱ्या कारखान्याचा मिळून निघतो. एकाचा शिळा ऊस सगळ्यांच्या दरात उतरतो.

हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर जमतात, तेव्हा आपण प्रकाश सापळे लावतो. किड्याच्या डोळ्याला निळा आणि अतिनील उजेड फार खुणावतो, म्हणून त्या सापळ्याचा दिवा तसा निवडतात. घरच्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातही अतिनील दिवा असतो. तो जंतूंचे बीजद्रव्य मोडतो. जंतूंचे मोडतो तसे आपलेही मोडेल, म्हणून तो दिवा झाकणाआड असतो. झाकण काढून चालू दिव्याकडे बघू नये.

आता तुऱ्याच्या अर्जाकडे वळतो. उसाला तुरा येतो तो उजेडामुळेच, पण टॉवरच्या नव्हे. भाद्रपदाच्या सुमारास दिवस लहान होत होत साडेबारा तासांच्या आसपास येतो, रात्र लांबते. ही लांबलेली रात्र उसाला कळते. वाण तुरा घेणारा असेल, उसाचे वय पुरेसे झाले असेल, त्या दिवसांत पाऊसपाणी आणि हवा मानवली असेल, तर शेंड्यात पानाऐवजी तुऱ्याची तयारी सुरू होते, आणि ती बाहेर दिसते दिवाळीच्या पुढे-मागे. म्हणजे तुरा दिसला तेव्हा टॉवर उभा होता हे खरे, पण तुरा ठरला त्याला दोन-अडीच महिने होऊन गेले होते. मी त्या सभासदांना घेऊन टॉवरपासून चार किलोमीटरवरच्या दुसऱ्या फडात गेलो. तोच वाण, त्याच महिन्याची लागण, तसाच तुरा. गंमत म्हणजे टॉवरखालच्या खोलीबाहेर रात्रभर जळणाऱ्या दिव्याच्या उजेडातल्या काही सऱ्यांत तुरा कमी होता. रात्री मध्येच उजेड पडला तर उसाला रात्र लांब झाल्याचे कळत नाही. हे शास्त्रज्ञांनी प्रयोगातही पाहिलेले आहे.

टॉवरचा माणसाला धोका आहे का? प्रश्न रास्त आहे आणि त्याची थट्टा करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ३१ मे २०११ रोजी रेडिओलहरींना 'कदाचित कॅन्सरकारक' या वर्गात घातले. 'कदाचित' म्हणजे पुरावा तोकडा, पण फाईल बंद केलेली नाही. पुढे त्याच संघटनेच्या सांगण्यावरून १९९४ ते २०२२ या काळातले ६३ अभ्यास एकत्र तपासले गेले. २०२४ साली त्याचा निष्कर्ष आला, त्यात मोबाईल वापरण्याचा मेंदूच्या कॅन्सरशी संबंध आढळला नाही. आपल्या सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या भागावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला ती चौरस मीटरमागे ०.४५ वॉट झाली. वैशाखाच्या दुपारी त्याच चौरस मीटरवर सूर्य हजारेक वॉट ओततो. तुलना अगदी बरोबरीची नाही, कारण ऊन कातडीवर थांबते आणि रेडिओलहर थोडी आत जाते; पण भुसा किती आणि कसा, याचा अंदाज येतो.

एक गोष्ट मात्र बहुतेकांना उलटी वाटते. टॉवर लांब असला, फोनला रेंज नसली, की फोन जोर लावतो आणि कानाशी जास्त लहरी सोडतो. टॉवर जवळ असला तर फोन हळू बोलतो. ज्याला काळजी वाटते त्याने रेंज नसलेल्या ठिकाणी कानाला लावून तासभर बोलू नये, स्पीकर लावावा. पण अँटेनाच्या ऐन समोर, टॉवरवर चढून, कुणी जाऊ नये. तिथे तापवण्याइतकी शक्ती असते. आणि शेतावरून गेलेल्या विजेच्या तारांबद्दल विचाराल तर किरणांची चिंता सोडा, लोंबलेल्या तारेची करा. दोन तारा वाऱ्याने घासल्या की ठिणगी पडते आणि उभा ऊस जातो.

ज्याला आपण मुळीच भीत नाही त्या उन्हाबद्दल आता दोन शब्द. उन्हातली जवळजवळ निम्मी शक्ती धगीची, थोडीशी अतिनील, बाकी उजेड. फेब्रुवारी-मार्चला ऊसतोड टोळी फडात उभी असते, बांध ओला नसतो, सावली नसते. धगीने अंगातले पाणी जाते हे सगळ्यांना दिसते. अतिनील दिसत नाही. ते वर्षानुवर्षे डोळ्यात साठल्यासारखे काम करते. मोतीबिंदू लवकर येतो, बुबुळाच्या कडेने मांस वाढते. सूर्याच्या किरणांना त्याच कॅन्सर संशोधन संस्थेने 'नक्की कॅन्सरकारक' या वर्गात ठेवले आहे, कदाचितच्या नव्हे. आपल्या सावळ्या कातडीला निसर्गाने बरीचशी ढाल दिली आहे. डोळ्याला ती नाही. रुंद काठाची टोपी, डोक्याला उपरणे, बायांना पदर खाली ओढून घेता येतो, आणि जमेल तर गॉगल. गॉगल अतिनील अडवणारा असावा. जत्रेतला नुसता काळा चष्मा नको. काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि अतिनील उलट जास्त आत जाते.

उन्हाळ्यात कारखाना बंद पडला की दुरुस्ती निघते आणि वेल्डिंग सुरू होते. गावागावांतही ट्रॉली, नांगर, गेट यांचे वेल्डिंग चौकात चालते आणि पोरे भोवती उभी राहून बघतात. वेल्डिंगच्या ठिणगीत जोरदार अतिनील असते. बघताना काही होत नाही. चार-सहा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यात वाळू गेल्यासारखे होते, पाणी गळते, उजेड सोसत नाही. 'वेल्डिंग लागलं' म्हणतो ते हेच; डोळ्याच्या वरच्या पापुद्र्याला झालेली ही उन्हाची भाजणी असते. एक-दोन दिवसांत बहुधा उतरते. पण डोळ्यात दूध, मध, बटाट्याचा रस घालू नका, आणि औषधाच्या दुकानातून सुन्न करणारे थेंब आणून स्वतःच टाकू नका. दुखणे थांबते आणि डोळा आतून बिघडतो. डॉक्टरला दाखवा. वेल्डरने मुखवटा घ्यायचाच, पण बघणाऱ्यानेही पाठ फिरवायची.

याच दुरुस्तीच्या दिवसांत बॉयलरच्या नळ्यांचे जोड तपासायला बाहेरची मंडळी येतात. जोडाचा आतून फोटो काढावा लागतो. त्यासाठी एका जड डबीत किरणोत्सर्गी पदार्थ असतो. त्याचे गॅमा किरण लोखंडातून आरपार जातात. हे काम बहुतेक रात्री करतात आणि भोवती दोरी बांधतात, दिवा लावतात. दोरी ओलांडून 'काय चाललंय बघू' म्हणून कुणी जायचे नाही. कामगार बंधूंनी नाही आणि बिल विचारायला आलेल्या सभासदांनीही नाही. हा गोफणगुंडा आहे. याच्यापासून तीनच गोष्टी वाचवतात : लांब राहणे, थोडा वेळ राहणे, मध्ये शिसे किंवा जाड भिंत असणे. अंतर दुप्पट केले की मारा चौथाई होतो.

भंगार घेणाऱ्या-विकणाऱ्यांनी तर हे कान देऊन ऐकावे. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठाने लिलावात काढलेले जुने यंत्र आले. आत कोबाल्ट-६० होते. कुणाला कळले नाही, शिसे मिळेल म्हणून ते फोडले. एक माणूस मेला, आणखी काही जण दवाखान्यात गेले. पिवळ्यावर काळी तीन पात्यांची पंख्यासारखी खूण दिसली, किंवा आकाराच्या मानाने फारच जड अशी शिशाची डबी भंगारात मिळाली, तर हात लावायचा नाही. लांब व्हायचे आणि पोलिसांना कळवायचे.

तेच कोबाल्ट-६० योग्य हाती पडले की काय करते, ते लासलगावला पाहायला मिळते. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले 'कृषक' केंद्र आहे. कांद्यावर मोजके गॅमा किरण सोडले की कोंब फुटत नाहीत. २००७ साली अमेरिकेने भारतीय आंब्याला पुन्हा दार उघडले ते याच केंद्रात किरण दिलेल्या आंब्याला. कांदा किंवा आंबा त्याने किरणोत्सर्गी होत नाही. किरण येतो, काम करतो, जातो. याच भाभा केंद्राने अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर काढलेले टॅग-२४ हे भुईमुगाचे वाण तुमच्यापैकी कित्येकांनी पेरले असेल. किरणांनी बियाण्यात घडवलेले बदल पुढे संकरात वापरून ते तयार झाले.

शेजारच्या औंढा नागनाथला लायगोचा प्रकल्प होतो आहे. १ मे १९९९ पूर्वी ते आपल्याच जिल्ह्यात होते, म्हणून सोयरीकही तिकडची बरीच. केंद्राने ६ एप्रिल २०२३ रोजी २६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. "तिथं अणूचं काहीतरी आहे म्हणतात, विहिरीच्या पाण्यात उतरंल का?" असे मला विचारले गेले आहे. नाही. तिथे चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांत अवरक्त लेसरचा किरण सोडून लांबीतला अतिसूक्ष्म फरक मोजायचा आहे. लेसर म्हणजे एका सुरात चालणारा उजेड. तो नळीतच राहतो आणि दिवा बंद केला की संपतो.

दवाखान्यातल्या फोटोंबद्दल दोन गैरसमज आहेत आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. छातीचा एक्स-रे काढायला काही जण घाबरतात. निसर्गातूनच, जमिनीतून, आभाळातून, खाण्यातून, माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट एवढे किरण मिळतात. छातीचा एक एक्स-रे ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी. टीबीची शंका असताना एक्स-रे टाळणे म्हणजे शुद्ध वेडेपणा. याउलट काही जण डोके दुखले की "सिटीस्कॅन काढाच" म्हणून डॉक्टरांच्या मागे लागतात. पोटाच्या एका सिटीस्कॅनला ८ ते १० मिलिसिव्हर्ट लागतात, म्हणजे छातीचे शंभर एक्स-रे. गरज असेल तर तो जीव वाचवतो. हौसेखातर काढू नये, लेकरांचा तर मुळीच नाही. जुने फोटो सांभाळून ठेवा, नव्या डॉक्टरला दाखवा, म्हणजे पुन्हा काढावे लागणार नाहीत. बाई गरोदर असेल किंवा शंका असेल तर आधीच सांगावे. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये हे किरण नसतात. सोनोग्राफी आवाजावर चालते, एमआरआय चुंबक आणि रेडिओलहरींवर.

आता त्या माऊलीकडे येतो. मी तिच्या मुलाला तेव्हा जे सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या डॉक्टरांसमोर बसवून जे खात्री करून घेतले, ते असे. शेक म्हणजे हेच जड दाण्याचे किरण, पण नेम धरून मारलेले. कॅन्सरची पेशी घाईघाईने वाढते आणि मोडलेले दुरुस्त करणे तिला नीट जमत नाही. चांगली पेशी रात्रीतून बरीच सावरते. म्हणून एकदम न देता आठवड्याला पाच दिवस, रोज काही मिनिटे असा शेक वाटून देतात. बाहेरून शेक देणारे यंत्र विजेवर चालते किंवा शिशाच्या पेटीतल्या कोबाल्टचे झाकण उघडून चालते. यंत्र बंद झाले की किरण संपले. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहतो का? तसेच अंगातही राहत नाही. बाहेरच्या शेकानंतर आई नातवाला मांडीवर घेऊ शकते, स्वयंपाक करू शकते, एका ताटात जेवू शकते. या आजारात बहुधा आतूनही शेक द्यावा लागतो. त्यात बारीक किरणस्रोत नळीतून थोडा वेळ आत ठेवतात. तेवढा वेळ खोलीत दुसरे कोणी नसते. स्रोत काढून घेतला की मागे काही उरत नाही. त्रास होतो, तो लपवू नये. जुलाब होतात, लघवीला जळजळ होते, थकवा फार येतो, सोबत आठवड्याला सलाईनमधून औषध असते त्याने मळमळ होते. बरेचसे पुढे कमी होते. राहिले तर डॉक्टरला सांगायचे. हा आजार वेळेत सापडला तर शेकाने बरा होण्यासारखा आहे, आणि एकदा सुरू केलेला शेक मध्येच सोडणे फार वाईट.

पैशाचेही त्यांना माहीत नव्हते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शेकाचा समावेश आहे; रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटायचे. तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून जेवढ्या लवकर जाल तेवढे बरे.

त्यांचा ऊस आम्ही नोंदीच्या क्रमानेच तोडला, आधी नाही. इतरांवर अन्याय करून चिठ्ठी देता येत नाही. तोपर्यंत शेक सुरू झाला होता. पाच आठवडे मायलेक दवाखान्याजवळच्या खोलीत राहिले. शेवटच्या आठवड्यात सून लेकराला घेऊन तिकडे गेली, आणि लेकरू आजीपाशीच झोपत होते असे मुलाने फोनवर सांगितले. दर तीन महिन्यांनी तपासणी आहे. पुढची आषाढात आहे, आणि तोवर खोडव्याची बांधणी उरकायची म्हणून तो खताची मागणी नोंदवायला परवा गटावर येऊन गेला.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग